मेल्यावर पळत जा : एका गेममधल्या परलोकाची गोष्ट

‘गेम खेळून खेळून पोरांना मरणाचं काही वाटेनासं झालंय’ हे वाक्य आजवर मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय, की बातमीत ते आपोआप टाइप होतं. पण कुठला गेम, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज एकाच गेमबद्दल लिहितो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. कॅलिफोर्नियातल्या ब्लिझार्ड कंपनीने तो 23 नोव्हेंबर 2004 ला आणला. जादू, राक्षस, राजवाडे यांचं काल्पनिक जग, आणि त्यात इंटरनेटवरून हजारो माणसं एकत्र खेळतात.

त्याआधी 1999 साली ‘एव्हरक्वेस्ट’ आला होता. त्यात मरण महाग होतं. मेलात की कमावलेला अनुभव कमी व्हायचा, सामान मृतदेहापाशी पडून राहायचं आणि ते आणायला निःशस्त्र जावं लागायचं. फार उशीर झाला तर देह सामानासकट गायब.

वॉरक्राफ्टने हे सगळं स्वस्त केलं. मेलात की भूत होऊन स्मशानात उभे. भोवतालचं जग करड्या रंगाचं. तिथून पळत आपल्याच देहापाशी पोचायचं, की जिवंत. पळायचा कंटाळा असेल तर स्मशानातली पंखवाली ‘स्पिरिट हीलर’ जागच्या जागी उठवते. मग चिलखत-हत्यारं पाव हिश्शाने झिजतात आणि दहा मिनिटांपर्यंत अशक्तपणा राहतो. म्हणजे मरणाची किंमत काय, तर थोडी पळापळ नाहीतर दुरुस्तीचं बिल!

इथपर्यंत आपले वक्ते बरोबर आहेत. पण पुढचं ऐका.

2006 च्या सुरुवातीला यातली एक खेळाडू प्रत्यक्ष आयुष्यात गेली. तिच्या सोबत्यांनी गेममधल्याच एका बर्फाळ तळ्याकाठी शोकसभा ठेवली. हत्यारं न चालवता रांगेत उभे राहिले. तेवढ्यात विरोधी टोळीने हल्ला करून सगळ्यांना मारलं, वर त्याचा व्हिडिओही टाकला. हल्लेखोरांचं म्हणणं, नियमात बसतं. बसतच होतं! आणि मेलेले सगळे थोड्या वेळात उठलेही. नियमाच्या भाषेत कुणाचं काहीच गेलं नव्हतं. तरी त्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. कारण जमलेल्यांसाठी ती मयत होती, आणि मयतीत कुणी दंगा करत नाही.

कंपनीला स्वतःचा परलोक तपशिलात रंगवायला 2020 उजाडलं. ‘शॅडोलँड्स’ या भागात मेलेल्या आत्म्यांचा निवाडा करणारी ‘आर्बिटर’ आहे. आपला चित्रगुप्तच म्हणा. ज्याची जशी करणी तसा त्याला लोक मिळतो. गोष्ट अशी की ही आर्बिटर बंद पडते आणि भले-बुरे सगळे आत्मे सरसकट ‘मॉ’ नावाच्या नरकात पडू लागतात. हे कथानक जाहीर झालं नोव्हेंबर 2019 मध्ये, कोविडच्या आधी. गेम हातात आला 23 नोव्हेंबर 2020 ला. तोवर आपल्याकडे प्लास्टिकमध्ये बांधलेले देह परस्पर स्मशानात जात होते आणि दहाव्याला घाटावर चार माणसं जमत नव्हती.

माझं मत विचाराल तर तो परलोक मला सरकारी कचेरीसारखा वाटला. वेगवेगळी खाती, बदल्या, आणि वर ‘अ‍ॅनिमा’ या ऊर्जेचं भारनियमन. एक कल्पना मात्र टोचते. ‘बॅस्टियन’ या लोकात आत्म्यांना इतर मृतांना वाहून नेण्याची सेवा मिळते, पण त्यासाठी आधी स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी सोडाव्या लागतात.

खेळणाऱ्यांना हे विसरणं जमलं नाही. नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा मुलगा. स्नायू झिजवणाऱ्या डुशेन आजाराने 2014 मध्ये, 25 व्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं, पोरगं खोलीत एकटं जगलं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि परदेशांतून ईमेल येऊ लागले. तिकडे तो ‘इबेलिन’ नावाने लोकांना धीर देत होता, त्यांच्या घरातली भांडणं मिटवायला मदत करत होता. त्याच्या ‘स्टारलाइट’ या मंडळातले काही जण अंत्यविधीला नॉर्वेत आले. 2024 मध्ये यावर माहितीपटही आला.

स्टारलाइटची मंडळी पुढेही त्याच्या आठवणीसाठी गेममध्ये जमत राहिली. कुणी हल्ला केल्याचं माझ्या वाचनात नाही.