जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय? टोकन देण्याआधी हा हिशेब करून बघा

नव्या प्रोजेक्टमधला टू बीएचके बजेटच्या बाहेर गेला की बहुतेकांची नजर रिसेलकडे वळते. पंचवीस-तीस वर्षं जुनी सोसायटी, पण एरिया चांगला, शाळा-स्टेशन जवळ, खोल्या ऐसपैस आणि भाव नव्यापेक्षा कमी. "घेऊन टाकू, थोडी रंगरंगोटी करू," असं घरात ठरतं आणि टोकन दिलं जातं.

गडबड इथेच होते. जुन्या घरात पैसा खातात त्या न दिसणाऱ्या गोष्टी. कागद, पाइप, वायरिंग आणि गळती. त्यांच्यासाठी पैसे बाजूला काढले नाहीत, तर सगळी बचत व्यवहारातच संपते आणि दुरुस्ती पर्सनल लोनवर करावी लागते.

खिशातून नक्की किती जाणार?

समजा, पुण्यात ४५ लाखांचा फ्लॅट बघितलाय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे ३६ लाख. उरलेले ९ लाख तुमचे.

त्यावर मुद्रांक शुल्क. पुण्यात ते ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. झाले १२ लाख ४५ हजार. यात दलाली आणि वकिलाची फी धरलेली नाही. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, जास्तीत जास्त २५ हजार घेता येतं. त्याहून जास्त 'डोनेशन' मागितलं, तर ते नियमात बसत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल, तिच्यावर लागतं. आणि राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं, तर त्यात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ते ४५ हजार होतात, म्हणजे वायरिंगच्या कामाला मोठा हातभार.

शिवाय जुनी इमारत असेल, तर बँक तिचं उरलेलं आयुष्य बघते. मूल्यांकन कमी आलं की कर्जही कमी मिळतं. म्हणून टोकन देण्याआधी बँकेत विचारून घ्या.

कोणते कागद बघायचे?

- पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे करार. मधला एक जरी हरवला असेल, तर आधी वकिलाला विचारा.
- सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर शोधता येतो.
- सोसायटीचं भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आणि थकबाकी नसल्याचा दाखला.
- इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र.
- आधीचं कर्ज फिटलं असेल, तर बँकेचं तसं पत्र.

मुंबईत जुनी खोली फारच स्वस्त मिळत असेल, तर ती पागडीची आहे का, हे आधी विचारा. पागडीत तुम्ही भाडेकरू होता, मालक होत नाही.

इमारतीची तब्येत कशी आहे?

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा. सोसायटी टाळाटाळ करत असेल, तर त्यातच अर्धं उत्तर मिळालं.

दुसरा प्रश्न पुनर्विकासाचा. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात हा विषय आलाय का, ते बघा. दोन-तीन वर्षांत इमारत पडणार असेल, तर लाखो रुपयांच्या टाइल्स आणि फर्निचर तिच्यासोबतच जाणार. तिथे राहण्यापुरती दुरुस्ती बस.

घर बघताना काय तपासायचं?

जमलं तर पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात, त्यातही नव्या रंगाखाली, ओल दिसत नाही.

छतावर आणि बीमवर गंजाचे तांबूस डाग किंवा सरळ रेषेत गेलेल्या भेगा आहेत का? आतली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट सोलून काढते. तिथे वरवर पुट्टी लावून भागत नाही. भिंतीवर नाण्याने टकटक करा. आवाज पोकळ आला, तर गिलावा सुटलाय. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब बघा. आणि खालच्या मजल्यावर जाऊन विचारा, "वरून गळतं का?" संडास-बाथरूमची आतली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणजे घर घेतलं की ते भांडणही तुमचं.

पैसे कमी असतील तर कामाचा क्रम

१. गळती. बाथरूम फोडलं की वॉटरप्रूफिंग करून घ्या आणि टाइल्स बसवण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून ठेवा. खाली थेंब दिसला, तर तेव्हाच कळेल.

२. पाइप. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. सीपीव्हीसी टाकून घ्या.

३. वायरिंग. जुन्या घरांतलं वायरिंग एसी, गीझर, इंडक्शनचा भार धरून केलेलं नसतं. अर्थिंग तपासा आणि आरसीसीबी बसवा.

४. गिलावा, मग फरशी आणि शेवटी रंग.

मोझॅक फरशी शाबूत असेल, तर पॉलिश करा. सागवानी दारं, कडप्प्याचा ओटा टिकाऊ असतात, ते काढायची घाई नको. मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग दोन वर्षांनीही करता येतं. पाइप मात्र नंतर बदलायचा तर नवी टाइल फोडावी लागते.

ठेकेदाराकडून कामाची यादी, माप आणि दर लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि थोडी रक्कम काम संपेपर्यंत हातात ठेवा. फोडाफोड सुरू झाली की काहीतरी नवीन निघतंच, म्हणून अंदाजाच्या १५ टक्के तरी वेगळे ठेवा.

भिंत पाडून हॉल मोठा करायचाय?

थांबा. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला.

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मग सोसायटीची आणि लागेल तिथे महापालिकेची परवानगी घ्या. खांब, बीम आणि स्लॅबला हात लावू नका. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत तर भिंतीच सगळं वजन पेलतात. "काही होत नाही साहेब, मी बघतो," हे गवंड्याचं आश्वासन तिथे चालत नाही.

हा सगळा हिशेब कागदावर मांडून बघा. दुरुस्तीचा आकडा हातात असेल, तर भाव कमी करून मागायलाही आधार मिळतो. आणि तरीही एकूण बेरीज नव्या घराच्या जवळ जात असेल, तर तो फ्लॅट स्वस्त नव्हताच. दुसरा बघा.