काचेवरची चित्रे, मोबाईलवरची चित्रे

मोबाईलवर छायाचित्रांचा क्रम लावून, आवाज जोडून चित्रमाला करणे मुलांना सहज जमते. ही कल्पना मात्र आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे.

१८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांभरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या प्रकाशाने भिंगातून पडद्यावर मोठी दिसत. भिंगामुळे प्रतिमा उलटी पडते, म्हणून काच आधीच उलटी बसवायची. सोबत निवेदन आणि संगीत असे. मुंबईत चलच्चित्रपट आला तो त्यानंतर, ७ जुलै १८९६ रोजी.

अशा खेळात एक कंदील मंद करत दुसरा उजळला, की एका चित्रातून दुसरे उमटे. मोबाईलही तेच करतो. तिथे पडद्यावरच्या बिंदूंचे तेज बदलते.

आता आपण तेरणाकाठच्या माकणीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या परिसरातली घरे कोसळली. कित्येक गावे नव्या जागी वसली. जुने गाव पाहिलेली माणसे आता थकत चालली आहेत. घरोघरची जुनी छायाचित्रे मुलांनी मोबाईलवर टिपावीत. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे आजीआजोबांना विचारूनच क्रम लावावा आणि निवेदनही त्यांच्याच आवाजात घ्यावे. इतिहासाचा हा तास आपल्याला आजच घेता येईल.