काचेला डीएनए चिकटला कसा?

‘मूल उशिरा बोलतंय, डॉक्टरांनी क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे लिहून दिलीय, हे काय असतं?’ हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून येतोच. तपासणी करायची की नाही, ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा. मी सीए आहे. पण आकडा दिसला की त्यामागचं व्हाउचर शोधायची खोड, म्हणून हिचा इतिहास वाचत गेले. तो एका काचपट्टीपाशी जाऊन पोचतो.

शाळेत मायक्रोस्कोपखाली ठेवायचो, तीच काचपट्टी. त्याआधी डीएनए नायलॉनच्या पडद्यावर बसवत. पण पडदा सच्छिद्र, त्यावर थेंब टिपकागदावर पसरावा तसा पसरतो. मग छोट्या जागेत हजारो ठिपके मावणार कसे? काच पाणी पीत नाही. अडचण वेगळीच होती: काचेच्या पृष्ठभागावर ऋण भार आणि डीएनएवरही ऋण भार. दोघांचं जमणार कसं?

स्टॅनफर्डमध्ये पॅट ब्राउन यांच्या प्रयोगशाळेने काचेला पॉलिलायसिनचा लेप दिला. लायसिन म्हणजे आपल्या डाळींत भरपूर असतं ते अमिनो आम्ल. त्याच्या साखळीवर धन भार असतो. पेशी काचेला चिकटवायला हा लेप आधीपासून वापरात होताच. लेप दिलेल्या पट्ट्या काही आठवडे मुरू द्यायच्या, अगदी लोणच्यासारख्या. मग रोबो बोरूसारख्या चिरलेल्या टोकाने डीएनएचे ठिपके काढणार आणि अतिनील प्रकाशाने ते पक्के करायचे. ठिपक्यांमधल्या रिकाम्या जागेचं काय? तिथला धन भार तपासायच्या नमुन्यालाही ओढून घेईल, म्हणून दुसऱ्या रसायनाने तो घालवायचा. ज्या चिकटपणासाठी एवढी खटपट केली, तोच काम झाल्यावर पुसून टाकायचा! मला हा टप्पा सगळ्यात आवडला.

१९९५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा पहिला निबंध आला. त्यात मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाची फक्त ४५ जनुकं होती. १९९७ पर्यंत यीस्टची जवळजवळ सगळी, म्हणजे सुमारे ६,४०० जनुकं एका पट्टीवर बसली.

स्टीफन फोडर यांच्या गटाने १९९१ मध्येच प्रकाशाच्या मदतीने काचेवर रेणू जोडत न्यायची वेगळी पद्धत दाखवली होती. तिच्यातून अ‍ॅफिमेट्रिक्स कंपनी उभी राहिली. पण तयार चिप विकत घेणं प्रत्येक प्रयोगशाळेला कुठे परवडणार? ब्राउन यांच्या गटाने रोबो कसा बांधायचा, लेप कसा द्यायचा, सगळं इंटरनेटवर फुकट ठेवलं. हिशेबाच्या वहीत याची नोंद कुठल्या रकान्यात करावी, मला अजून सुचलेलं नाही. त्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या जो डेरीसी यांच्या गटाने पुढे विषाणूंची अशी पट्टी बनवली. २००३ मध्ये सार्सचा विषाणू कोरोना कुळातला आहे हे ओळखायला तिची मदत झाली.

आता आपल्या प्रश्नाकडे. दवाखान्यातल्या चिप आज कंपन्या बनवतात. बहुतेकदा डीएनए तयार करून चिकटवत नाहीत, पृष्ठभागावरच अक्षर-अक्षर जोडत नेतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा गळलाय किंवा जास्तीचा आहे, हे त्यातून कळतं. एका अक्षराची चूक मात्र सहसा सापडत नाही. त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तर जनुकीय कारण नाहीच असं धरू नका. पुढे कुठली तपासणी लागेल का, ते डॉक्टरांना विचारा. आणि तपासणीआधी इन्शुरन्सची मंजुरी लेखी घ्या, हे मात्र मी सीए म्हणून सांगतेय.