रोव्हर्स कप आणि आपला मराठवाडा

एक प्रश्न विचारतो. 1950 ते 1954, सलग पाच वर्षं, मुंबईचा रोव्हर्स कप कोणी जिंकला? मोहन बागान? ईस्ट बंगाल? नाही. हैदराबाद सिटी पोलीस. आणि त्या वेळी आपलं औरंगाबाद कुठल्या राज्यात होतं? हैदराबाद राज्यात. म्हणजे तो विजय आपल्याच राज्याच्या संघाचा होता. पण आपल्या शहरात याचा उल्लेख मी कधी ऐकला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडात 1871-72 ला एफ.ए. कप सुरू झाला. नियम साधा: जो हरला तो घरी गेला. ही बाद पद्धत इंग्रज फौजेबरोबर इकडे आली. 1888 ला सिमल्यात ड्युरँड कप आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, 1891 ला, मुंबईत रोव्हर्स कप. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढची कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. 1923 ला मोहन बागानला निमंत्रण मिळालं. ते थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले, पण ड्युरहॅम लाइट इन्फंट्रीकडून 4-1 ने हरले. कप जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला बंगलोर मुस्लिम्स, तोही 1937 ला. सुरुवातीपासून मोजलं तर 46 वर्षं लागली.

आता हैदराबाद. पोलीस ॲक्शन होऊन दोनच वर्षं झाली होती. सगळं राज्य अजून सावरत होतं. अशा वेळी पोलीस खात्याच्या संघाने मुंबईत जाऊन नावाजलेल्या क्लबांना हरवलं, आणि एकदा नाही, लागोपाठ पाचदा! या संघामागचा माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकलं आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. ‘मैदान’ सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना रहीमसाहेब माहीत असतील.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. हैदराबादचा संघ तिकडेच राहिला आणि पुढे आंध्र पोलीस म्हणून खेळू लागला. गंमत बघा, जिंकणारा संघ आपल्या राज्याबाहेर गेला आणि कप भरवणारं शहर आपलं झालं!

मुंबईत कूपरेज मैदानावर हा कप रंगायचा. दिलीपकुमारसारखे कलाकार सामने बघायला यायचे. सर्वाधिक वेळा, 14 वेळा, तो मोहन बागानने जिंकला. शेवटचाही त्यांनीच, 2000-01 च्या मोसमात, चर्चिल ब्रदर्सला हरवून. त्यानंतर स्पर्धा बंद. एकशे दहा वर्षांची परंपरा संपली आणि महाराष्ट्रात कुणी हूं की चूं केलं नाही.

लोक म्हणतात, 1996 ला राष्ट्रीय लीग आली आणि जुन्या कपांचे दिवस भरले. हे अर्धंच खरं आहे. लीग तर ड्युरँडच्याही वाट्याला आली. ड्युरँडही डगमगला, दिल्लीतून हलला, 2019 ला कोलकात्यात गेला. पण त्याच्या पाठीशी लष्कर उभं राहिलं, म्हणून तो आज जिवंत आहे. रोव्हर्सला असा वाली मिळाला नाही, एवढाच माझ्या मते फरक. लीगमध्ये पैसेवाला संघ वर्षभर टिकतो. बाद स्पर्धेत मात्र कुठलाही संघ नव्वद मिनिटांत मोठ्याला घरी पाठवू शकतो. पोलीस शिपायांच्या संघाने पाच वर्षं नेमकं तेच केलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राज्य सरकार आणि फुटबॉल संघटनेने मिळून रोव्हर्स कप पुन्हा सुरू करावा. आणि त्यात दोन-तीन जागा जिल्ह्यांतून पात्र ठरणाऱ्या संघांना द्याव्यात. आमखास मैदानावर खेळणाऱ्या पोराला कूपरेजवर उतरायची वाट तरी दिसली पाहिजे.

तुमच्या घरात कुणी त्या काळी हैदराबाद पोलिसांचा खेळ पाहिला असेल, तर त्यांना विचारा आणि इथे जरूर लिहा. ती पिढी आता थोडीच उरलीय.