ओतूरचं लग्न आणि आपलं वतन

"जुन्या क्रांत्या वाचून काय करायचंय? मोर्चा कधी ते सांग." अभ्यासवर्गात एका पोराने मला तोंडावर विचारलं. मी रात्रपाळी करून तसाच आलो होतो, डोळे चुरचुरत होते. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता लिहून देतो.

दोस्तांनो, 25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सच्या 1789 च्या राष्ट्रसभेचा दाखला दिला. मोर्चा काढणारा माणूसच इतिहास सांगत होता. आपण तळ्यावर आलोय ते नुसती तहान भागवायला नव्हे, हे लोकांना कळावं म्हणून.

पण पॅरिस लांब राहिलं. माझं आजोळ ओतूर, तिथलंच घ्या. जोतीरावांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला. 1880 च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांच्या घरी भटाशिवाय लग्न लागलं. गावचा जोशी कोर्टात गेला. त्याचं म्हणणं, लग्न कोणी का लावंना, दक्षिणा माझी. माझा वतनी हक्क आहे. म्हणजे बोलावलं नाही तरी पैसे द्या! या हक्काला शेतकऱ्याने नाही म्हटलं. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मी याला क्रांतीच म्हणतो.

आता त्याच गावगाड्याचं दुसरं टोक बघा. वतन महारालाही होतं. जोशाचं वतन म्हणजे न बोलावता दक्षिणा. महाराचं वतन म्हणजे कधीही हाक आली की धाव, अन् पदरात शिळी भाकर. माझा पणजा पाटलाच्या हुकमाखाली रात्री-अपरात्री टपाल घेऊन पळायचा. लग्नातला जोशी नाकारायला पाटलाजवळ जमीन होती, कोर्टखर्चाला पैसा होता. पणज्याजवळ काय होतं? जोतीरावांनी 1868 ला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यांचा विचार अर्धा नव्हता. पण गावात तो अर्ध्यावर थांबला. महार वतन मोडायला बाबासाहेबांनी 1928 ला कौन्सिलात बिल आणलं. ते वतन रद्द करणारा कायदा झाला 1958 ला. बाबासाहेब तेव्हा नव्हते.

म्हणून क्रांती वाचताना दोन प्रश्न विचारा: ओझं कोणाचं उतरलं? आणि कोणाच्या डोक्यावर राहिलं?

हे दुसऱ्यालाच विचारायचे प्रश्न नाहीत. गेल्या वैशाखात माझ्या बहिणीचं लग्न झालं. विधी बौद्ध, समोर बाबासाहेबांचा फोटो, वंदना झाली. तारीख मात्र बापाने गुपचूप पंचांग बघून धरली होती. मला माहीत होतं. मी गप्प बसलो. ओतूरचा जोशी कोर्टात भांडून जे मागत होता, ते आम्ही न मागता देऊन टाकलं.

मोर्चा काढूच. पण पोरा, निघण्याआधी तुझ्या घरातलं पंचांग कुठं ठेवलंय ते बघून ये. मी माझ्या बापाशी बोलायला सुरुवात केलीय.

जय भीम.