'फॉर्मॅट मारून बघू' : हँग होणाऱ्या कॉम्प्युटरचा छोटा इतिहास

इतिहास म्हटलं की किल्ले, तह आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. आजचा विषय मात्र घरातल्या टेबलावरचा आहे: कॉम्प्युटर हँग होणं. माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, कोपऱ्यातलं घड्याळ थांबतं आणि आपण उगाचच एंटर दाबत बसतो. हे का होतं, याचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलंय. मला ते आमच्या माजलगावच्या घरातल्या एका कॉम्प्युटरनं शिकवलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

2003 साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला. एमकेसीएल 2001 मध्ये स्थापन झालं होतं, एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्याच्या गावांत पोचले होते, सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागायला लागलं होतं. मी त्यावर शिकायचो, पण मशीनचा हप्ता फिटायचा तो अण्णांच्या टायपिंगवर. अर्ज, भाडेकरार, आणि दसऱ्याच्या आधी ऊसतोडीचे करारनामे. आपल्या बीड जिल्ह्यात हे कुणाला सांगायला नको. मुकादम कारखान्याकडून पैसे उचलतो, ते कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. त्याआधी कुणाच्या नावावर किती उचल, हे बाँडवर उतरवायचं असतं.

2006 च्या सप्टेंबरात, नेमका त्याच दिवसांत, कॉम्प्युटर अडकायला लागला.

दुरुस्तीवाला आला. पाच मिनिटं बघून म्हणाला, "व्हायरस असंल. फॉर्मॅट मारून बघू." मारला. आता तेव्हाचं मराठी टायपिंग आठवा. युनिकोड आमच्याकडे अजून रुळलं नव्हतं, प्रत्येक सॉफ्टवेअरचा फाँट वेगळा. फाँट गेला की फाइल वाचली तरी पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. आमच्या तर फाइलीच गेल्या. आठ दिवसांनी कॉम्प्युटर पुन्हा अडकला. दुसरा माणूस आला. त्यानंही तेच केलं.

ही फॉर्मॅटची सवय आली कुठून? ती अगदीच वेडेपणाची नव्हती. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये सगळे प्रोग्रॅम समजुतीनं चालायचे. एकानं आपलं काम थांबवून दुसऱ्याला वाट द्यायची. एखाद्यानं दिलीच नाही, की सगळेच खोळंबले. सार्वजनिक नळावर एकीनंच घागरीमागून घागर लावावी, तसं. विंडोज 95 आणि 98 मध्ये ही वाटणी बरीचशी यंत्रणेनं आपल्या हातात घेतली, पण जुन्या 16-बिट प्रोग्रॅमांसाठी एक सामाईक कुलूप ठेवलं होतं. त्याची किल्ली धरून एखादा बसला की बाकीचे बाहेर ताटकळत. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून घरगुती कॉम्प्युटरलाही वेगळा, जास्त भक्कम गाभा मिळाला. म्हणजे नव्वदच्या दशकात हँग होणं हा बऱ्याचदा सॉफ्टवेअरचाच दोष असायचा, आणि सगळं पुसून नव्यानं टाकलं की काही दिवस बरं चालायचं. आमचे मेकॅनिक ज्या काळात शिकले, त्या काळाचं उत्तर देत होते.

ह्यात एक गंमत सांगतो. विंडोज 95 आणि 98 मध्ये एक दोष होता, तो 1999 मध्ये उघडकीला आला. ही यंत्रणा सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद 32 बिटांत मोजायची. ते 4,29,49,67,296 झाले की मोजणी पुन्हा शून्यावर, आणि कॉम्प्युटर हँग होऊ शकायचा. हिशेब केला तर हे होतात 49.7 दिवस. आता सांगा, माजलगावात कुणाचा कॉम्प्युटर सलग 49 दिवस चालू राहिला असेल? 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत आमचा सलग 49 तास चालला नाही. तो दोष आमच्या दारात यायच्या आधीच लाइट जायची!

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून सुटका करून घ्यायची युक्तीही तशी जुनीच. आयबीएमचा पीसी ऑगस्ट 1981 मध्ये आला, तो बनवणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रॅडली यांची ती कल्पना. यंत्र पुन्हा सुरू करायला, आणि चुकून दाबलं जाऊ नये म्हणून दोन्ही हात लागतील अशा तीन कळा. आमच्याकडे त्या तीन कळांवरची अक्षरं पार पुसून गेली होती. पण 2006 मध्ये त्यांचाही उपयोग होईना.

इथेच मला पहिला धागा सापडला. क्लासमधल्या सरांनी सांगितलं होतं: हँग झाला की कॅप्स लॉक दाबून बघ. कीबोर्डवरचा दिवा चालू-बंद झाला तर आत कुणीतरी जागं आहे, बहुधा एखादा प्रोग्रॅमच अडकलाय. दिवाही हलेना, तर गाडी खोलवर रुतलीय. आमचा दिवा हलत नव्हता. मग मी वहीत वेळा लिहायला लागलो. दिवसभरात कधीही, सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. पहाटे गारव्याला लावला तर जास्त वेळ टिकायचा. वर्डमध्ये असो की नुसता रिकामा, अडकायचाच. व्हायरसला पहाट-दुपार कशी कळेल?

कॅबिनेट उघडलं. आत काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू, पंख्याच्या पात्यांना चिकटलेले. ते ब्रशनं झाडलं. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. थोडा फरक पडला, आजार गेला नाही. शेवटी अण्णांनी मदरबोर्ड पिशवीत घालून बस स्टँडकडच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी कॉम्प्युटर कधी उघडला नव्हता. बोर्ड उन्हात धरला आणि म्हणाले, "अण्णा, ह्याची तर पोटं फुगायलेत की."

प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले ते बारके डबे म्हणजे कपॅसिटर. सपाट असायला हवीत ती त्यांची डोकी घुमटासारखी वर आली होती, एकातून तपकिरी काहीतरी पाझरलं होतं. त्यांचं काम सोपं आणि महत्त्वाचं. प्रोसेसरला जेमतेम दीड व्होल्टच्या आसपास वीज लागते, आणि तीही संथ. हे डबे विजेतले चढउतार गिळतात. आतलं रसायन बिघडलं की चढउतार थेट प्रोसेसरपर्यंत जातात, हिशेब चुकतो आणि सगळं थिजतं.

आणि हे फक्त आमच्याकडे नव्हतं. साधारण 1999 ते 2007 या काळात जगभरात अशा सदोष कपॅसिटरांची लाट होती. अर्धवट चोरलेल्या सूत्रावरून हे रसायन बनवलं गेलं, अशी तेव्हा चर्चा होती. 2005 मध्ये डेल कंपनीनं याच दुखण्यासाठी सुमारे 30 कोटी डॉलर बाजूला काढले. मोठ्या कंपन्यांच्या ग्राहकांना बोर्ड बदलून मिळाले, असेंबल्ड मशीनवाल्यांना फॉर्मॅट मिळाला. त्यात आमचा उन्हाळा. अशा कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा. मे महिन्यात चाळिशीपार जाणाऱ्या पत्र्याच्या खोलीत, धुळीनं पंखा जड झालेला असताना काय होणार?

काकांनी त्याच मापाचे पाच कपॅसिटर डाग देऊन बसवले. कॉम्प्युटर पुढे चार वर्षं चालला.

पण त्या दोन फॉर्मॅटमध्ये एक फाइल गेली, ती परत आली नाही. वडवणीकडचं एक जोडपं समोर बसून आकडा लिहवून गेलं होतं: उचल 35 हजार. प्रिंट काढायच्या आत कॉम्प्युटर अडकला, आणि मग फॉर्मॅट. मुकादम वही घेऊन आला, वहीत 40 हजार. अण्णांना 35 आठवत होते, पण दाखवायला कागद नव्हता. त्या माणसानं थोडा वेळ अण्णांकडे बघितलं आणि अंगठा दिला. पाच हजार म्हणजे किती मोळ्या, हे मला तेव्हा कळत नव्हतं. अण्णांना कळत होतं. त्यानंतर ते आधी हातानं वहीत लिहायचे, समोरच्याची सही घ्यायचे, मग टाइप करायचे.

आज कारणं पुन्हा बदललीत. जुन्या मशीनवर नवी विंडोज आणि थकलेली हार्ड डिस्क असली की कॉम्प्युटर थिजतो, एसएसडी टाकली की पळायला लागतो. उद्या आणखी काही असेल. क्रम मात्र तोच ठेवा. आधी फाइलींची दुसरी प्रत. मग कधी, किती वेळानं अडकतो, ते लिहून काढा. मग धूळ, रॅम, पॉवर सप्लाय, एका वेळी एकच बदल. फॉर्मॅट सगळ्यात शेवटी. कुणी आल्याआल्या "फॉर्मॅट मारू" म्हणालं, तर त्याला आधी चहा द्या आणि तेवढ्या वेळात पेन ड्राइव्ह शोधा.