मगजी, मशीन आणि गोधडीची कड

गोधडी आधी मधून फाटत नाही, कडेने विरते. अंगावर ओढताना हात कडेलाच लागतो, दोरीवर टाकताना ताण कडेवरच येतो. म्हणून कडेला वेगळी पट्टी लावतात. तिचे जुने नाव मगजी, शब्द फारसीतून आलेला. अस्तर, दर्जी, रफू हेही त्याच वाटेने आले. शिंप्याच्या दुकानात आजही 'उरेब पट्टी' म्हणतात. उर्दूत उरेब म्हणजे तिरपे. शिवणकामाची भाषा कधीच एका समाजाची नव्हती. मुस्लिम दर्जी आपल्या हुनराचे नाते हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांच्याशी जोडतात, शिंपी समाज संत नामदेवांशी. सुई मात्र दोघांच्या हातात एकच.

हातशिलाईत कडेचा प्रश्न सोपा होता. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया, ज्यांत मुस्लिम, ख्रिस्ती आणि हिंदूही आहेत, आपली 'कवंदी' कडेपासून शिवायला घेतात आणि फेऱ्या मारत मध्यावर येतात. कड आत दुमडलेली असते, त्यामुळे वेगळी पट्टी लागत नाही. कोपऱ्यांवर त्रिकोणी 'फूल' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत.

प्रश्न अवघड झाला मशीनमुळे. आयझॅक सिंगर यांचे पेटंट 1851 चे. 1854 मध्ये अॅलन विल्सन यांनी कापड सरकवणाऱ्या दात्यांचे पेटंट घेतले: दाते वर येतात, कापड मागे ढकलतात, खाली जातात आणि पुन्हा जागेवर येतात. आजही घरगुती मशीन याच तत्त्वावर चालते. पण दाते फक्त खाली आहेत. गोधडीला वरचे कापड, मधला थर आणि खालचे कापड असते. दाते खालचा थर ओढतात, वरचा फूटाखाली दबून मागे राहतो. शेवटी पट्टीला चुण्या पडतात आणि कोपरा तिरका होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंगर मशीनसोबत जोडसाहित्याची लाकडी पेटी मिळू लागली. तिच्यात बाइंडर फूटही असे. गांधीजींनी यंत्रांवर टीका करतानाही शिलाई मशीनला अपवाद मानले. 1930 च्या दशकात कोलकात्यात 'उषा' मशीन बनू लागली. त्यानंतर मशीन रुखवतात आली, आणि कितीतरी घरांत विधवेच्या, परित्यक्तेच्या हाताला तिनेच काम दिले.

म्हणूनच फूटाची निवड ही किरकोळ बाब नाही. ऑर्डरची गोधडी उसवावी लागली, तर त्या दिवसाची मजुरी जाते.

बाइंडर फूटाला पुढे नरसाळ्यासारखी घडी असते. पट्टी तिच्यातून दुमडून येते आणि कापडाच्या दोन्ही बाजूंना एकदम बसते. झबले, एप्रन, पातळ दुलई यांना तो उत्तम. जाड गोधडीची कड मात्र त्या फटीत शिरतच नाही. तिथे वॉकिंग फूट हवा. त्याला स्वतःचे दाते असतात, आणि त्याचा दांडा सुईच्या स्क्रूवर अडकतो. सुई वरखाली होते तसे हे दाते वरचा थर खालच्याबरोबर चालवतात. टाका थोडा मोठा ठेवावा, मशीन सावकाश चालवावी, उलटी शिलाई टाळावी.

पट्टी आधी गोधडीच्या मागच्या बाजूला शिवावी, मग पुढे वळवून घडीच्या काठावर टीप मारावी. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी दुमडावी. सरळ कडेला सरळ पट्टी चालते. गोल कडेला उरेबच लागते, कारण तिरपे कापलेले कापड ताणले जाते आणि वळणावर बसते.

बाजारात जाण्याआधी फूट खाली सोडून त्याच्या स्क्रूपासून तळपट्टीपर्यंतचे अंतर मोजावे. सुमारे पाऊण इंच असेल तर लो शँक, एक इंच किंवा अधिक असेल तर हाय शँक. जुन्या काळ्या घरगुती मशीन बहुधा लो शँकच असतात. वॉकिंग फूट घ्यायला पैसे नसतील, तर वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करावा आणि दर दोन-तीन इंचांवर टाचणी लावावी. वेळ जास्त जाईल, पण मगजी सरळ बसेल.